अमेरिकन की रशियन

माझं लग्न दोन बंदुकांमुळे अडलं होतं असं मी सांगितलं, की ऐकणाऱ्याला वाटतं, आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्यांचं वैर असणार. तसं काही नव्हतं. आमच्या घरात कुणी कधी कुणावर साधी काठीसुद्धा उगारलेली नाही. बाबा तर झुरळ दिसलं तरी आईला हाक मारायचे. अडलं होतं ते एवढ्यावरच, की दोन कार्बाइनींमधली बरी कुठली, अमेरिकन की रशियन, यावर माझे बाबा आणि माझे होणारे सासरे यांचं जमेना. त्यातून त्या दोन्ही बंदुका तिसऱ्याच माणसाच्या होत्या.

ही गोष्ट कुवेतमधली, साठच्या दशकातली. बाबा अहमदीत तेल कंपनीच्या पहारेकऱ्यांचं स्टोअर सांभाळायचे. पहारेकऱ्यांना बॅटऱ्या, ओव्हरकोट आणि बूट देणं हे त्यांचं काम. स्टोअरच्या कोपऱ्यात एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात काही जुन्या रायफली होत्या. त्या कपाटाची किल्ली बाबांच्या कमरेला असायची. केवळ त्या किल्लीमुळे आपल्याला बंदुकांतलं सगळं कळतं, असा त्यांचा ठाम समज होता. त्या कपाटातल्या रायफली त्यांनी पुसल्या होत्या, मोजल्या होत्या. उडवली मात्र एकही नव्हती.

दुसरे चाचा. ते आमचे नात्याने कुणी नव्हते, पण बाबांचे लहानपणापासूनचे मित्र. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीच्या एका काठाला आमचा गाव आणि दुसऱ्या काठाला त्यांचा. कुवेत शहरात शिकारीच्या सामानाचं एक दुकान होतं, तिथे ते विक्रीला असायचे. तंबू, दुर्बिणी, थर्मास, ससाण्याला बसवायचे चामड्याचे हातमोजे आणि काडतुसं, असला सगळा माल. दुकानाचे मालक म्हणजे एक म्हातारे कुवेती व्यापारी. त्यांना सगळे अर्बाब म्हणायचे, म्हणजे शेठच. तरुणपणी ते गलबतातून खजूर घेऊन मुंबईला आणि खाली मलबारला जायचे, येताना लाकूड आणायचे. त्यामुळे त्यांना हिंदी येत होतं. ते हिंदी त्यांचं स्वतःचं होतं आणि त्यात व्याकरणाला बंदी होती.

चाचांचा मुलगा मीना अब्दुल्ला इथल्या रिफायनरीत गेज दुरुस्त करायचा. बापलेक अबू हलीफाला एका खोलीत राहायचे आणि दर शुक्रवारी नमाज झाला की जेवायला आमच्याकडे यायचे. तो मुलगा मला आवडायचा. या वयात हे लिहायला आता काही हरकत नाही. तो फार बोलायचा नाही. मासळी खाल्ली की काटे ताटाच्या कडेला नीट एका ओळीत लावायचा आणि उठताना स्वतःचं ताट स्वतः धुवायचा. आमच्या लोकांत पुरुषानं स्वतःचं ताट धुणं म्हणजे काय, ते ज्याला ठाऊक आहे त्यालाच कळेल. आमची बोलणी झाली होती. पुढच्या रजेत दोन्ही घरांनी बोटीनं मुंबईला जायचं, तिथून गावी, आणि निकाह. चाचांची बायको गावात बांगड्या भरून तयार बसली होती.

त्या हिवाळ्यात अर्बाबना आपल्या राखणदारांसाठी नव्या बंदुका घ्यायची इच्छा झाली. हिवाळ्यात वाळवंटात त्यांचा तळ पडायचा. तिथे तंबू, मेंढ्या, गाड्या आणि त्यांची राखण करणारे दोन-चार बदू, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, असायचे. राखणदारांकडे जुन्या इंग्रजी रायफली होत्या. त्यांत दर गोळीला बोल्ट हातानं मागे-पुढे करावा लागायचा, आणि पिकअपमध्ये बसताना लांब नळी टपाला आपटायची. म्हणून अर्बाबना आखूड कार्बाइन हवी होती, तीसुद्धा अर्ध-स्वयंचलित. म्हणजे चाप एकदा ओढला की गोळी एकच सुटते, पण पुढची गोळी बंदूक आपली आपणच नळीत ढकलून घेते, माणसानं नुसता पुन्हा चाप ओढायचा. दुकानात नमुन्याला दोन आल्या. अर्बाबनी चाचांना विचारलं, कुठली घेऊ. चाचा म्हणाले, अमेरिकन. त्या वेळी बाबा सहज दुकानात बसले होते. पाहुण्याला विचारलं नाही तर वाईट दिसेल म्हणून अर्बाबनी त्यांनाही विचारलं. बाबा म्हणाले, रशियन.

अर्बाबनी हे शिष्टाचारापोटी विचारलं नसतं, तर मी सहा महिने आधी सासरी गेले असते.

अमेरिकन सडपातळ होती. चाचा म्हणायचे, खांद्याला टांगली तर टांगल्याचं विसरायला होतं. तिचं मॅगझिन सुटं होतं, खालून बसवायचं, आणि गोळ्या संपल्या की ते काढून दुसरं लावायचं. तिची गोळी आखूड आणि धक्का कमी, नेम धरायला मागच्या बाजूला एक बारीक भोक. रशियन अंगानं भरलेली, लांबीला आणि वजनाला जास्त. तिचं मॅगझिन पोटालाच कायमचं जडवलेलं. ती भरायची तर बोल्ट उघडून वरून, पत्र्याच्या पट्टीत ओळीनं लावलेल्या गोळ्या अंगठ्यानं आत दाबायच्या. गोळी मोठी, लांब जाणारी. शिवाय नळीखाली एक संगीन घडी करून ठेवलेली, हवी तेव्हा पुढे उघडायची. दोन्ही बंदुकांत गोळीमागचा गॅसच बोल्टला मागे ढकलतो. अमेरिकनमध्ये तो एका छोट्याशा दट्ट्याला नुसती टिचकी मारतो, रशियनमध्ये नळीच्या वर एक लांब दांडा असतो, तो हे काम करतो. हे सगळं मी जेवताना, आमच्या दस्तरखानावर शिकले. लोणच्याची बरणी म्हणजे मॅगझिन, चमचा म्हणजे बोल्ट आणि वाटाण्याचे दाणे म्हणजे गोळ्या. त्या हिवाळ्यात आमच्या घरी वाटाण्याची उसळ कधी गरम खाल्ली गेली नाही.

"डबा संपला, दुसरा डबा लावला," चाचा बरणी उचलून दाखवायचे. "यात कठीण काय हाय?"

"आणि डबा हरवला तर?" बाबा विचारायचे. "माझीचा डबा हरवूच शकत नाय. तो तिच्या पोटालाच हाय."

हे सांगणाऱ्या बाबांचा चष्मा रोज हरवायचा आणि त्यांच्याच कपाळावर सापडायचा, हे इथं नोंदवून ठेवते.

अमेरिकनमध्ये आणखी एक खोड होती. मॅगझिन सोडायचं बटण आणि चाप अडकवून ठेवायचं बटण ही दोन्ही एकमेकांच्या शेजारी होती. एकदा चाचा दुकानात रिकामी अमेरिकन हातात घेऊन ती किती निर्धोक आहे ते बाबांना समजावून सांगत होते. त्यांनी मोठ्या तोऱ्यात एक बटण दाबलं. ते दुसरं निघालं. मॅगझिन निसटलं आणि थेट त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं. बाबांनी चाचांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि घरी येऊन आम्हाला ती हकिकत तीन वेळा सांगितली. तिसऱ्या वेळी मॅगझिन भरलेलं होतं.

खरी गंमत मात्र वेगळीच होती. दोघांनीही या बंदुका तोलल्या त्या कोकणातल्या शिकारीवर. त्यांच्या लहानपणी माझ्या आजोबांकडे शेतराखणीची ठासणीची बंदूक होती आणि दोघं पोरं ती वाहायला डोंगरात जायची. त्यांचं बंदुकीचं शिक्षण तेवढंच. मग बाबा म्हणायचे, रशियनची संगीन करवंदीची जाळी तोडायला बरी. चाचा म्हणायचे, तीच संगीन करवंदीत अडकेल आणि भेकर पळून जाईल. बाबा म्हणायचे, संगिनीनं शहाळं फोडता येतं. चाचा विचारायचे, शहाळं फोडायला बंदूक कशाला, गावात कोयते संपले काय. दोघांनाही चिंता एकच, की पावसात भिजली तर कुठली आधी गंजेल. यावर तर एक अख्खा शुक्रवार गेला. बाहेर अहमदीच्या रस्त्यावर कंपनीनं लावलेली झाडं पाण्याच्या टँकरवर जगत होती आणि आत हे दोघे आषाढातल्या चिखलात उभे होते. वाळूचं नाव कुणीच काढलं नाही.

मग हलालचा मुद्दा निघाला, म्हणजे जनावर जिवंत असतानाच कापण्याचा. चाचा म्हणाले, अमेरिकनची गोळी लहान, त्यामुळे भेकर पडलं तरी जित्ता राहतं, आपण सुरी घेऊन पोचेपर्यंत वेळ मिळतो. रशियननं तो जागीच मरेल, मग त्याचा काय करायचा?

"तुझ्या गोळीनं तो मरणार नाय, ता खरा हाय," बाबा म्हणाले. "तो उठेल आणि खाडीपलीकडं तुझ्या गावात जाईल. तिथं तुझा भाऊ त्याला कापून खाईल आणि आपण इथं सुरीला धार लावत बसू."

कुवेतमध्ये भेकर नाही. मी हे एकदा बोलून पाहिलं. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट चहा टाकायला गेले.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण बोलता बोलता तोल जातो तसा एका शुक्रवारी चाचांचा गेला. अंगठा अजून सुजलेला होता आणि बाबांनी त्या मॅगझिनची आठवण पुन्हा काढली. चाचा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "ज्याला हातातली बंदूक कळत नाय, त्याच्या घरातली पोर मी कशी पारखू?"

बाबांचा चेहरा पडला. नंतर ते अगदी हळू म्हणाले, "मग नको पारखू. माझी पोर मना जड झालेली नाय."

चाचा गेले. त्यांचा मुलगा ताट धुवायला उठला होता. ते तसंच ओलं हातात धरून तो क्षणभर उभा राहिला, ठेवलं आणि वडिलांच्या मागे गेला. मी दाराआड होते. मला रडू आलं नाही, राग आला. दोघांचाही आला, आणि जास्त त्या दोन लोखंडी वस्तूंचा, ज्या मी अजून पाहिल्याही नव्हत्या.

त्यानंतरचे शुक्रवार ओस गेले. बाबा जेवताना एका बाजूला सरकून बसायचे, दुसऱ्या बाजूला चाचांची जागा सोडून, आणि ती जागा सोडली आहे हे कुणी म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. आईनं मासळी कमी आणायला सुरुवात केली. ती एवढंच म्हणाली, "बंदुकीनं माणूस मरतो म्हणतात. ह्या दोघांनी ती न उडवताच करून दाखवलान."

मुलगा एकदा आला, आमचा डबा परत द्यायला. बाबा कामावर होते. तो दारातच उभा राहिला. मी विचारलं, "तुमच्या मते कुठली बरी?"

"दोन्ही कपाटात ठेवाव्या आणि किल्ली तुमच्या आईकडं द्यावी," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "अर्बाब स्वतः चाचणी घेणार आहेत. तळावर, शुक्रवारी सकाळी. दोन्ही घरांना बोलावलंय. आमचे बाबा म्हणतात, निकाल लागला की बघू."

मी त्यावर खूप विचार केला. अमेरिकन जिंकली तर बाबा मान खाली घालणार आणि मान खाली घातलेला माणूस मुलगी द्यायला पुढे होत नाही. रशियन जिंकली तर चाचा पुन्हा आमच्या दारात पाऊल ठेवणार नाहीत. कुणीही जिंको, हरणार मीच होते.

अर्बाबनी सांगितलं, ज्याची जी आवडती, ती त्यानं दुकानात येऊन साफसूफ करून ठेवायची, म्हणजे मागाहून तक्रार नको. बाबा त्या आठवड्यात दोनदा शहरात जाऊन आले. त्याच आठवड्यात आई माझ्यावर खेकसली, की गावाहून आणलेलं घाण्याचं खोबरेल मी केसांना चोपडून संपवते आहे. मी नाही म्हटलं. तिनं डबा हलवून दाखवला. खरंच तळाला गेला होता. त्या घरात माझ्याइतके लांब केस दुसऱ्या कुणाचे नव्हते, त्यामुळे माझं कुणी ऐकलं नाही.

शुक्रवारी पहाटे आम्ही निघालो. अर्बाबची पिकअप घेऊन चाचांचा मुलगाच आला होता. चाचा पुढे त्याच्या शेजारी, आम्ही तिघं मागे, ताडपत्रीखाली. बाबांनी आणि चाचांनी एकमेकांना सलाम केला, तोही दोघांच्या मधल्या हवेला. अहमदी मागे पडली आणि वारा असा झोंबू लागला, की आईनं आपली शाल माझ्याही भोवती ओढून घेतली. वाळवंटातली हिवाळ्याची सकाळ ज्यानं अनुभवली नाही त्याला वाटतं, तिथं बारा महिने भट्टी असते.

तळावर बायकांचा तंबू वेगळा होता. अर्बाबच्या घरच्या बायकांनी आम्हाला निखाऱ्यांजवळ बसवलं, वेलचीचा गरम चहा दिला. तंबूचा पडदा वर बांधलेला होता, त्यामुळे सगळं दिसत होतं. वाळूच्या उंचवट्यावर टोमॅटोचे रिकामे डबे ओळीनं मांडले होते आणि त्यांच्या बऱ्याच मागे तुपाचे मोठे डबे. आधल्या दिवसापासून दोन्ही कार्बाइनी पुरुषांच्या तंबूत, गालिच्यावर ठेवलेल्या होत्या. त्या बाहेर आणल्या तेव्हा मी पहिल्यांदा पाहिल्या. चाचांनी सांगितली तशी एक सडपातळ होती आणि बाबांनी सांगितली तशी दुसरी ऐसपैस. दोन्ही अशा चकचकत होत्या, जशा त्या कारखान्यातून निघतानाही चकचकल्या नसतील.

गोळ्या झाडणार होता अर्बाबचा म्हातारा बदू राखणदार. तो आधी अमेरिकन घेऊन गुडघ्यावर बसला. पहिला बार झाला आणि एक डबा उडाला. चाचांनी मिशीवर हात फिरवला. राखणदारानं पुन्हा चाप ओढला. काहीच झालं नाही. त्यानं बंदूक खाली घेऊन पाहिलं. बोल्ट मागे गेला होता, आणि परत येताना झोपेतून उठलेल्या माणसासारखा अर्ध्या वाटेत थांबला होता. त्यानं तो तळव्यानं पुढे ढकलला आणि दुसरा बार केला. पुन्हा तेच.

"नवी हाय," चाचा म्हणाले. "पहिल्यांदा अंग आवळलेला असतं."

बाबा काही बोलले नाहीत. मी त्यांना ओळखत होते. असं काही न बोलणं त्यांना किती जड जात होतं, ते मला तंबूतून दिसत होतं.

मग रशियन. राखणदारानं पट्टीनं गोळ्या भरल्या, लांबच्या तुपाच्या डब्यावर नेम धरला, बार केला. डबा उडाला नाही, पण त्याला भोक पडलं, ते आम्हालाही दिसलं. बाबा एक पाऊल पुढे आले. दुसऱ्या वेळी चाप ओढला आणि पुन्हा सगळं गप्प. बोल्ट अर्धवट. राखणदारानं बाजूच्या दांडीवर तळवा आपटला, मग पुन्हा आपटला. त्यानं अरबीत जे काही म्हटलं त्याचा अर्थ तंबूतल्या बायकांनी आम्हाला सांगितला नाही.

खरं सांगते, त्या क्षणी मला हायसं वाटलं. दोन्ही हरल्या होत्या. पण दुसऱ्याच क्षणी दिसलं, की बाबा आणि चाचा दोघेही खाली मान घालून वाळूकडे बघताहेत, एकमेकांपासून तितकेच लांब. दोघांची मान खाली, म्हणजे गोष्ट आणखीच बिघडली.

अर्बाब उठले. त्यांनी राखणदाराकडून अमेरिकन घेतली, गोळ्या काढायला लावल्या, आणि उघड्या बोल्टच्या खाचेत बोट घातलं. बोटाला पांढरं काहीतरी लागलं, मेणासारखं. त्यांनी ते दोन बोटांत चोळलं आणि नाकाशी नेलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं, तसं मी त्या माणसाच्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी रशियन घेतली, तिच्यातही बोट घातलं आणि तेही नाकाशी नेलं.

"ये मलबार का खुशबू," ते म्हणाले. "हम जवान था, तब ये सूंघा. ये नारियल का तेल. बंदूक में नारियल का तेल कौन लगाया?"

कुवेतमध्ये थंडीत खोबरेल थिजतं हे आम्हा बायकांना रोजचं होतं. सकाळी बाटली गरम पाण्यात उभी केल्याशिवाय थेंब बाहेर यायचा नाही. पुरुषांच्या हाती ते पातळ होऊनच यायचं, त्यामुळे त्यांच्या लेखी ते सदाच पातळ असायचं. आणि दुकानात बंदुका पुसताना शेजारी रॉकेलची शेगडी पेटलेली होती.

आईनं माझ्याकडे पाहिलं. डबा का संपला ते आता तिला कळलं होतं. माझी माफी मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. तिनं आपल्या वाटणीची खजूर माझ्या हातावर ठेवली.

तिकडे बाबांनी मान वर केली आणि चाचांकडे पाहिलं. कितीतरी आठवड्यांनी थेट पाहिलं.

"तू पण?" ते म्हणाले.

"मग काय लावू?" चाचा म्हणाले. "तुझ्या बापानंच शिकवलान मना. कोंबड्याचा पीस घ्यायचा, खोबऱ्याचा तेल घ्यायचा, आणि बिसमिल्ला बोलून आतून फिरवायचा."

"बिसमिल्ला बोललास?"

"बोललो."

"मी पण बोललो," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तेल कुठून आणलास?"

चाचा पुटपुटले. आईच दर महिन्याला त्यांची बाटली भरून द्यायची, भांडणाच्या आधीपासून, आणि ती त्यांच्या खोलीत स्टोव्हशेजारीच असायची. भांडणानंतर चाचांनी आमच्या घरचं पाणी बंद केलं, पण तेल चालू ठेवलं होतं. दोन्ही बंदुका आमच्याच डब्यातल्या तेलानं बंद पडल्या होत्या.

राखणदारानं दोन्ही बंदुका सुट्या केल्या, रॉकेलच्या बोळ्यानं आतलं सगळं पुसून काढलं आणि कोरड्याच जोडल्या. आणि त्या चालल्या, दोन्ही, अगदी बिनतक्रार. अमेरिकननं जवळचे टोमॅटोचे डबे भराभर उडवले. रशियन सावकाश चालली, पण लांबचे तुपाचे डबे तिनंच पाडले. अर्बाबनी विचारलं, आता सांगा, कुठली. त्यावर राखणदार म्हणाला, की वाळूत बंदुकीला तेल लावूच नये, लावलं की ती वाळू खाते, बंदूक कोरडी ठेवावी. त्याचं म्हणणं अर्थातच बरोबर होतं. पण त्यानं मोठीच चूक केली.

बाबा आणि चाचा एकदमच त्याच्यावर उलटले. बंदूक कोरडी ठेवावी? पावसाळ्याचे चार महिने? गंज चढला म्हणजे? एकानं वाक्य सुरू करायचं आणि दुसऱ्यानं पुरं करायचं. "एकदा आमच्या गावाला ये," चाचा त्याला मराठीत सांगत होते, आणि बाबा त्याचं अरबी करत होते, जे कुणालाच कळत नव्हतं. त्या गरीब माणसानं पाऊस म्हणजे वर्षातून पाचसहा सरी एवढाच पाहिला होता. तो ऐकून घेत राहिला. चाचांचा मुलगा मागे उभा होता. मी त्याला पहिल्यांदाच असं तोंड फिरवून हसताना पाहिलं.

नाश्त्याच्या वेळी दोघे एकाच शेगडीशी उकिडवे बसले होते. चाचांनी खिशातून बाटली काढून निखाऱ्यांजवळ ठेवली होती. तळाला थोडं तेल उरलं होतं, पांढरं. बघता बघता ते पातळ झालं. त्यांनी ती उचलली, वळून बायकांच्या तंबूकडे पाहिलं आणि हाक मारली, "पोरी, इकडं ये गो."

मला वाटलं, चहा हवा असेल. मी गेले. त्यांनी बाटली तळहातावर उपडी केली, जेवढं होतं तेवढं सगळं, माझी ओढणी बोटभर मागे सारली आणि ते तेल माझ्या टाळूवर चेपलं.

आमच्यात हळदीच्या दिवशी नवरीच्या डोक्यावर पहिलं तेल सासरचं माणूस लावतं. त्या तेलानंतर बोलणी मोडत नाहीत. आई माझ्या मागोमाग आली होती. ती म्हणाली, "ह्या बायकांचा काम हाय, भाईसाब."

"बायको गावाला हाय," चाचा म्हणाले. "तिच्या नावानं लावतंय." त्यांचा हात माझ्या डोक्यावरच होता. मग ते बाबांकडे न बघता म्हणाले, "मी ता बोललो, ता बोलायला नको होता. पोर मी कधीच पारखली नाय. तिच्या जन्मापासून ती माझीच हाय."

बाबा शेजारी ठेवलेली रशियन उचलून, जिथं काही लागलेलं नव्हतं तिथं बाहीनं पुसत बसले. बराच वेळ पुसत बसले.

अर्बाबनी शेवटी दोन्हींपैकी एकही घेतली नाही. राखणदार आपली जुनी इंग्रजी रायफलच बरी म्हणाला आणि नमुने दुकानाच्या भिंतीवर टांगले गेले. परत येताना बाबा पुढे चाचांशेजारी बसले आणि पिकअप सुरू व्हायच्या आतच ऐकू आलं, "पण नेम लांबचा धरायचा म्हटला, तर..." मी मागे ताडपत्रीखाली आईला चिकटून बसले. वाऱ्यानं डोक्यावरचं तेल पुन्हा थिजलं. हात लावला की केस कडक लागायचे आणि बोटांना खोबऱ्याचा वास यायचा, त्यात थोडा बंदुकीच्या दारूचा. घरी पोचल्यावर आई म्हणाली, पाणी तापवलंय, डोकं धुऊन घे. मी धुतलं नाही.